चरचर

रात्री साडेअकराला खणभागातली लाईट गेली
आणि बाबालाल नदाफांना घरून उठवून आणावं लागलं,
रिटायर होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला.
कारण जुन्या नकाशात एवढंच लिहिलंय:
केबल निंबापासून सव्वातीन मीटर, पूर्वेला.
निंब नाही.
निंबाच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान.

चाचा शटरसमोर चपला काढून उभे राहिले.
"बुंधा हितं. पार हितनं तितपर्यंत."
मग पावलं मोजत गटार ओलांडलं
आणि टाचेनं डांबरावर रेघ मारली, जी उमटली नाही.

मिरजेहून टेस्टव्हॅन आली.
ती एका टोकातून ठोका सोडते, दर पाच सेकंदांनी.
केबल जिथं फुटलीय तिथं खाली धप्प होतं,
खोल पेवात बसून कुणी पोत्यावर मूठ आपटल्यासारखं.
मी रस्त्यावर कान टेकून आडवी.
आधी माझंच रक्त ऐकू आलं, मग बायपासचा ट्रक.
कोपऱ्यातलं कुत्रं मात्र बरोबर पाच-पाच सेकंदांनी
मान उचलत होतं, दुकानाच्या पायरीशी.
रेघेपासून वीतभर.

आम्ही हरिपूरचे. आजोबा हळदीची पेवं उपसायचे.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा,
तो विझला तर माणूस उतरत नाही.
इथं कंदिलाच्या जागी टेस्टर, मग अर्थिंगचा रॉड,
मग परमिटवरची सही दुसऱ्यांदा वाचायची,
आणि मग पाय.

सुकुमार चौगुले पहार मारतोय.
गॅलरीतून बनियनवाले काका तिसऱ्यांदा:
"अजून किती वेळ ओ?"
"केबलला विचारतो," चाचा म्हणाले, "सांगतो."

अडीच वाजता जॉइंट उघडा पडला.
शिशाचा, गुळगुळीत, पोटुशी मांजरीसारखा.
चाचांनी चिखल पुसून अंगठा फिरवला.
"परशा भंडारी. डावखुरा होता. बघ, पुसाई उलटी गेलीय."
थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.
"काप."

आत कागद. पदरावर पदर, तेल प्यालेला, मधाच्या रंगाचा.
शेगडीवर मेण कढत होतं.
चिमट्यानं कागदाची पट्टी सोडली:
चर्र.
फेस आला. म्हणजे पाणी.
फूटभर पुढं कापलं. चर्र.
आणखी एक फूट. चर्र, जरा बारीक.

एप्रिल चालू आहे, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्यात,
वर्षभर या रस्त्यानं एक पाईप फुटलेला नाही.
"कुठलं पाणी हे, चाचा?"
"एकोणीसचं."

भिंतींवरची रेघ लोकांनी रंगवून टाकली होती.
पंचनामे झाले, गाद्या उन्हात वाळल्या, फेकल्या,
कव्हरांच्या दुकानानं नवा बोर्ड लावला.
आणि शिशाला पडलेल्या केसाएवढ्या चिरेतून
कृष्णा आत जाऊन कागदात बसली होती,
एवढे उन्हाळे,
अकरा हजार व्होल्टच्या शेजारी,
चकार शब्द न काढता.

चौथ्या फुटाला पट्टी मेणात पडली
आणि गप्प राहिली.
सुकुमारनं पुन्हा एक टाकली, उगाच.
तीही गप्प.

नवं किट, ब्लोलॅम्पची निळी जीभ,
नळी आवळत जाते तसा येणारा रबराचा वास.
मी आवळत गेले, चाचा फक्त टॉर्च धरून.
एकदाच म्हणाले, "घाई करू नको. परशा करायचा नाही."

पाच चाळीसला चार्ज केलं.
कुठंतरी मिक्सर मधूनच ओरडला, रात्री बंद करायचा राहिलेला.
बोअरची मोटर घुरघुरली.
काकांच्या गॅलरीतला दिवा लागला आणि लगेच विझला,
उजाडलं होतं म्हणून.

खड्डा बुजवताना मी रजिस्टर काढलं.
जागेच्या रकान्यात दुकानाचं नाव लिहिणार होते.
चाचा चपला शोधत होते.
"निंब लिहिलास का?"

लिहिला.
निंबापासून (सध्या नाही) सव्वातीन मीटर, पूर्वेला.
शेरा: तीन फुटांपर्यंत चरचर.